एक्स्चेंजच्या पोटातलं एक्स्चेंज

माझ्या आतेबहिणीची नात पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीला आहे. एखाद्या रविवारी ती माझ्याकडे जेवायला येते आणि जेवण झालं की मांडीवर लॅपटॉप घेऊन बसते. नात तिची, माझी नव्हे, हे आधीच सांगून टाकते. माझ्या वाट्याला दोन मुलगे आले आणि त्यांचे परदेशातून येणारे फोन. आतेबहिणीला मिळाली ही पोर, चुणचुणीत, आणि वर माझ्याच घरी येऊन माझ्याच हातचं सांबार ओरपणारी. आयुष्यभर हे असंच चालत आलंय. चांगलं ते तिच्या पानात.

त्या दिवशी पडद्यावरच्या काळ्या चौकटीत पांढरी अक्षरं धावत होती. मी विचारलं, हे काय आहे. पोर मद्रासेत वाढलेली, त्यामुळे माझ्याशी आमच्या घरच्या, तंजावरकडच्या जुन्या मराठीतच बोलते.

"अक्काआजी, कर्नल म्हणजे मशीनचा मूळ कारभारी. सारे प्रोग्राम त्याजपाशीं मागतात. जागा दे, वेळ दे, बाहेरची लाईन दे. त्याजवर कोणी नाहीं."

"बरें."

"आतां मी काय केलें आहे, ठाऊक? एक अख्खा कर्नल साध्या प्रोग्रामासारखा चालविला आहे. ह्या चौकटीच्या आंत तो कारभारी. आंतले प्रोग्राम त्याजपाशींच मागतात. पण बाहेरच्या खऱ्या कर्नलाला तो दिसतो इतरांसारखाच, रांगेतला एक. त्याची डिस्क म्हणजे बाहेरची एक फाईल."

"काय म्हणून हा खटाटोप?"

"चुका करायला. नवा कर्नल लिहितांना माणूस चुकतो. खऱ्या मशीनवर चुकलें तर सारें बंद. येथें आंतला मेला तर एक प्रोग्राम मेला. बाहेर कोणाचें कांहीं जात नाहीं."

मी म्हणाले, "हें तुझ्या आजीनें कुंभकोणांत केलें आहे. तुझी आई जन्मायच्या आधीं."

ती हसली. तिला वाटलं, म्हातारी काहीतरी जुळवतेय. मी जुळवत नव्हते. मला त्या काळ्या चौकटीत सरळ सत्तेचाळीस नंबर दिसत होता.

लग्न होऊन मी पुण्यात आले तेव्हा माझं बोलणं ऐकून शेजारणी म्हणाल्या, ही बाई बखरीतून उठून आली की काय. मग लिहायला मी इथली मराठी शिकले. भांडायला अजून आमचीच वापरते. म्हणून ही हकिगत इथल्या मराठीत लिहिते आहे. माझी आतेबहीण असती तर तिच्याशी दुसऱ्या मराठीत बोलले असते.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी कुंभकोणमच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. आमच्या पणजोबांपर्यंतचे लोक तंजावरच्या राजवाड्यात चाकरीला होते, वडील तालुका कचेरीत कारकून आणि मी बोर्डावर. बोर्ड म्हणजे भिंतीएवढी लाकडी फळी. तिच्यावर गावातल्या प्रत्येक फोनाचं एक भोक, त्याला आम्ही जॅक म्हणायचो, आणि प्रत्येक जॅकवर नंबराची चिमुकली पितळी पाटी. कोणी फोन उचलून हँडल फिरवलं की त्याची पाटी टपकन पडायची. मी दोराचा प्लग त्या जॅकमध्ये घालून विचारायचे, "नंबर प्लीज." माझ्या हाताशिवाय गावातला एकही माणूस दुसऱ्याशी बोलू शकत नव्हता. एक नंबर मुन्सफ कोर्टाचा, मग पोलीस ठाणं, इस्पितळ, गिरण्या, वकील, वेलदोड्याचे व्यापारी. लोक फोन उचलून म्हणायचे, "एक्स्चेंज!" ते एक्स्चेंज म्हणजे मी. मला त्याची फार ऐट होती, आणि ती असायला काही हरकत नव्हती.

आमच्या आत्याचे यजमान वारले तेव्हापासून ती आणि तिची मुलगी तिरुनीलक्कुडीला दिराच्या घरी राहत होत्या. राहत होत्या म्हणजे राबत होत्या. आत्या तिथे पहाटेपासून चुलीपुढे, आणि मुलगी खळ्यावर भात वाळवायला. एकदा वडील भेटायला गेले आणि दोघींना बरोबर घेऊनच आले. मुलगी माझ्याहून थोडी लहान. मला अक्का म्हणायची. एका महिन्यात माझ्या आईला तिचं इतकं कौतुक वाटू लागलं की मी घरात शिरले तरी कोणाचं लक्ष जाईना. तिचा आवाज गोड, तिच्या हातची चिंचगुळातली वांग्याची गोज्जू गोड, तिचे केस लांब. मी दिवसभर गावाशी बोलून घसा कोरडा करून यावं, आणि आईने तिला विचारावं, "कापी घेतेस कां ग?"

गावातल्या पितळी भांड्यांच्या एका मोठ्या पेढीने त्याच सुमारास स्वतःचा बोर्ड घेतला. पेढीची दुकानं, गोदाम, पत्र्याचा कारखाना, हिशेबाची खोली, मागे मालकाचं राहतं घर, सगळीकडे फोन. आत कोणाला कोणाशी बोलायचं असेल तर ते गावातल्या बोर्डाकडे येणार नव्हते, आतल्याच बोर्डावरून बोलणार होते. माझ्या बोर्डावर ह्या साऱ्या राज्याचा पत्ता काय, तर दोन जॅक. सत्तेचाळीस नंबर बाहेरून येणाऱ्या कॉलांसाठी, आणि त्याच्या उजवीकडचा अठ्ठेचाळीस आतून बाहेर जाणाऱ्यांसाठी. अठ्ठेचाळीस लोकांना दिलेलाच नव्हता.

पेढीला ऑपरेटर हवी होती. मॅनेजरने वडिलांना विचारलं, तुमच्या मुलीसारखी आणखी कोणी आहे का. वडील म्हणाले, बहिणीची मुलगी आहे. आणि तिला शिकवायचं कोणी? मी. सुपरवायझरची परवानगी काढून मी तिला माझ्या पाठीमागे स्टुलावर बसवलं. हात वळणदार होता, पण गडबडली की प्लग हमखास एक जॅक उजवीकडे घालायची. मी तिच्या मनगटावर पेन्सिल मारायचे. ती म्हणायची, "चुकलें, अक्का," आणि हसायची. तिचं हसणं मला तेव्हाही सोसत नसे.

मग तिची नोकरी सुरू झाली, कच्ची, आणि माझं जळणंही सुरू झालं, ते मात्र पक्कं.

तिच्या खोलीला खिडकी होती आणि डोक्यावर पंखा. माझ्या डोक्यावर सुपरवायझर. तिला अकरा वाजता पेढीतर्फे कापी, म्हणजे कॉफी, यायची. हेही मी सोसलं असतं. पण एकदा मी सत्तेचाळीसला कॉल देत असताना आतल्या कोणीतरी तिच्याकडून लाईन मागितली ती ऐकू आली. तो म्हणाला, "एक्स्चेंज!" आणि ती म्हणाली, "बोला, एक्स्चेंज." माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. अग, तू कसली एक्स्चेंज? माझ्या फळीवर तू एक भोक आहेस, तांदळाच्या गिरणीच्या बाजूचं. मी प्लग घातला नाही तर तुझ्या मालकाला गावात कोणी जिवंत आहे की नाही तेही कळणार नाही. आणि तिथे बाईसाहेबांचेही आपले नंबर. तिचाही एक नंबर होता. माझा एक म्हणजे कोर्ट, तिचा एक म्हणजे मालक. कोर्टाने मला कधी दिवाळीला साडी दिली नाही.

सर्वांत जास्त जळले ते तिच्या चुकांवर. मी नोकरीला लागले त्या आठवड्यात एकदा चुकीचा दोर ओढला तर कोर्टातलं बोलणं मध्येच तुटलं, आणि मुन्सफाच्या शिपायाने येऊन सुपरवायझरला आणि सुपरवायझरने मला सगळ्यांसमोर झाडलं. ह्या पोरीने गोदामाचा कॉल हिशेबाला दिला, हिशेबाचा कारखान्याला, एकदा म्हणे सगळे दोर एकमेकांत गुंतवून अख्खा बोर्ड बंद पाडला. काय झालं? काही नाही. आतले लोक उठून चालत एकमेकांकडे गेले आणि हसले. गावाला पत्तासुद्धा लागला नाही. माझ्या फळीवर तेवढा वेळ सत्तेचाळीस गप्प होता, एवढंच. चुका करून शिकायला तिला अख्खं एक्स्चेंज मिळालं होतं. मला पहिल्या दिवसापासून खरं गाव मिळालं. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायच्या त्या हिने, आणि पीठ दळायचं मी.

शिवाय संध्याकाळ झाली की ती घरी जायची. माझं एक्स्चेंज कधी मिटत नसे, तिचं मिटायचं. तिच्या बोर्डावरही सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस शेजारी-शेजारी होते, आणि जाताना एकच काम करायचं, दोराचं एक टोक सत्तेचाळीसच्या जॅकमध्ये आणि दुसरं मालकाच्या घरच्या जॅकमध्ये घालून ठेवायचं. मग सकाळपर्यंत तिचं एक्स्चेंज नाहीसं. मी सत्तेचाळीस वाजवला की थेट मालकाच्या घरात घंटी.

कच्च्या नोकरीची मुदत संपत आली. पक्की केली तर त्या दोघी मायलेकी वेगळी खोली घेऊन राहणार होत्या. नाहीतर तिरुनीलक्कुडी होतीच. आत्याच्या दिराला ह्याचा वास लागला असावा, कारण कापणीच्या दिवसांत तो एका दुपारी आमच्या घरी येऊन ओसरीवर बसला. मी संध्याकाळच्या ड्युटीला निघाले होते. तो वडिलांना सांगत होता, "पोर कच्च्या नोकरींत आहे. मालकानें आज ठेविलें, उद्यां काढिलें. घरीं माझी बायको एकटी. दोघींस घेऊन जातों." आत्या दाराआड उभी होती. तिने पदर दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. आईने पेढीत निरोप धाडला, की आज लवकर ये.

त्या निरोपाने आतेबहीण गडबडली असणार. मी बोर्डावर बसले तेव्हा अजून उजेड होता. थोड्या वेळाने अठ्ठेचाळीसची पाटी पडली, तिने मालकासाठी नेहमीसारखा कोणालातरी कॉल मागितला, आणि म्हणाली, मद्रासचा ट्रंक कॉल येणार आहे, मालक घरी वाट बघताहेत, तांब्याच्या पत्र्याच्या परवान्याचं आहे. मी म्हणाले, "बरं." बोर्डावर आम्ही तामिळच बोलायचो, तसा नियम होता, आणि नियमाची मला सोय होती.

दिवे लागल्यावर तंजावरच्या ऑपरेटरने मद्रासची लाईन दिली. "सत्तेचाळीस. पार्टी थांबलीय." मी सत्तेचाळीस वाजवला. कोणी उचलला नाही. पुन्हा वाजवला. घंटी तिच्या रिकाम्या खोलीत वाजत होती, आणि कानातल्या आवाजावरून मला ते लगेच कळलं. मालकाच्या घरात कोणीतरी दुसऱ्या घंटीला उचललंच असतं. तिने दोर घातलाच नव्हता, किंवा भलत्याच जागी घातला होता.

मी जे करायचं ते सगळं केलं होतं. आता फक्त "नो रिप्लाय" म्हणायचं होतं. ते खरंच होतं. सुपरवायझर मागेच बसलेला, त्यानेही तेच सांगितलं असतं. मद्रासची पार्टी दुसऱ्या कोणाला पत्रा देऊन मोकळी झाली असती, मालकाने सकाळी विचारलं असतं, काल दोर कोणी घातला, आणि दुपारच्या बसने एक्स्चेंजबाई तिरुनीलक्कुडीला. माझ्या घरात माझी आई पुन्हा माझी. मला हे सगळं एका क्षणात दिसलं, आणि बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

पण वाजत होता तो माझा बोर्ड. माझ्या बोर्डावर कॉल आला, पार्टी थांबलेली, घेणारा घरात बसलेला, आणि मी म्हणायचं मिळत नाही? तिच्या चुकीमुळे माझं काम अडलं ह्याचाच मला राग आला. आणि आत्याच्या पदराची मूठ डोळ्यांपुढून हलेना. मग मला ते मनगट आठवलं. गडबडली की एक जॅक उजवीकडे, म्हणजे मालकाच्या घरचा दोर अठ्ठेचाळीसमध्ये असणार. मी प्लग सत्तेचाळीसमधून काढला आणि अठ्ठेचाळीसमध्ये घातला. घंटी अर्धी वाजायच्या आत मालकाने उचलला.

त्या संध्याकाळी सत्तेचाळीससाठी आलेला प्रत्येक कॉल मी अठ्ठेचाळीसवर दिला. रात्रपाळीचा ऑपरेटर आला तेव्हा त्याला सांगितलं, सत्तेचाळीसची लाईन जरा खराब आहे, उद्या सकाळपर्यंत शेजारच्यावर द्या. घरी आले तर तिचा काका अजून ओसरीवरच होता, आणि ती त्याला ताकभात वाढत होती.

चार-पाच दिवसांत ती पक्की झाली. मालक मॅनेजरला म्हणाले म्हणे, मुलगी घरी गेली तरी लाईन चोख असते. काका एकटाच गेला. आईने रव्याचा केसरी केला आणि मला वाढताना म्हणाली, "पाहिलेंस? बिनबापाची पोर, एकटीनें निभावून नेलें." मी केसरी गिळला. एकटीने! तो घास अजून घशात आहे.

पण त्या दिवसापासून माझ्याजवळही एक गोष्ट आली, जी तिच्याजवळ नव्हती. तिला काही ठाऊक नव्हतं. आपलं राज्य आपणच चालवतोय असं तिला वाटत होतं, आणि ते कोणी धरून ठेवलं ते मला ठाऊक होतं. त्यानंतर तिला खोली मिळाली, चांगलं स्थळ मिळालं, गोरी मुलगी झाली, पुढे ही नात. प्रत्येक वेळी मी जळायचे, आणि प्रत्येक वेळी मनात म्हणायचे, बस, ऐटीत बस. सत्तेचाळीस आहेस तू. सांगितलं मात्र कधी नाही. सांगून टाकलं असतं तर ती "उपकार झाले, अक्का" म्हणाली असती आणि माझ्यापाशी काही उरलं नसतं.

तिची एक खोड त्यानंतर मला फार खटकायची. रोज संध्याकाळी निघताना ती माझ्या बोर्डावर पाटी पाडायची आणि नियम मोडून आमच्या मराठीत म्हणायची, "येतें हं, अक्का." मला वाटायचं, मी घरी चालले आणि तू बस, हे ऐकवतेय. पहिल्या दिवाळीला पेढीतून मिळालेला पितळी डबरा-तंबलर, कापीची वाटी आणि पेला, तिने साडीबरोबर घरी न नेता सरळ माझ्या हातात ठेवला. "हा तुज," म्हणाली. मी मनात म्हटलं, आता भांडीसुद्धा दाखवायला आणतेय. तो तंबलर मी पुण्याला आणला. त्यात विणकामाच्या सुया ठेवते.

हे सगळं मी त्या रविवारी पोरीला सांगितलं. म्हणजे बोर्डाचं सांगितलं, जळण्याचं तेवढं सोडून. अठ्ठेचाळीसचंही नाही सांगितलं. तिची आजी मागच्या वर्षी गेली. आता ते कोणाला सांगायचं?

पोर लक्ष देऊन ऐकत होती. मग म्हणाली, "हुबेहूब हेंच, अक्काआजी. आंत नंबर एक, बाहेर नंबर एक, दोन्ही खरे."

मी शेवटी मला हवं होतं ते विचारलं. "ह्या आंतल्याला ठाऊक असतें कां ग, आपण दुसऱ्याच्या पोटांत आहों म्हणून?"

"उगीच बसला तर नाहीं ठाऊक. पण शोधलें तर कळतें." तिने त्या काळ्या चौकटीत काहीतरी टाइप केलं. एक ओळ उमटली. "ही पाहा. आंतून विचारिलें, तुझें यंत्र कोणतें, तर खरें यंत्र सांगत नाहीं. येथेंच खूण राहते." मग माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "आजीलाही कळलें होतें."

"काय कळलें होतें?"

"तिनेंच सांगितलें. मद्रासचा कॉल आला, त्याच्या दुसऱ्या दिवशीं सकाळीं तिनें दोर पाहिला. अठ्ठेचाळिसांत होता. आणि मालक तर कॉल मिळाला म्हणून खूष. म्हणजे बाहेरून कोणी फिरविला. त्या वेळेस बोर्डावर कोण होतें, हें तिज ठाऊक होतें."

किती साधं होतं. दोर काढायला तिला जॅककडे बघावंच लागणार होतं. इतक्या वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नाही, कारण ती नीट बघत नाही असं मी शिकवताना एकदा ठरवून टाकलं होतं.

"मग तोंडानें बोलली कां नाहीं कधीं?"

पोरीने लॅपटॉप मिटला. "मी विचारिलें होतें. म्हणाली, अक्काजवळ माझ्याहून जास्त असें तेवढें एकच आहे. तें कशास काढून घेऊं?"

मी उठून स्वयंपाकघरात गेले. तिच्यासाठी कापी ठेवली. तंबलरातल्या सुया काढून तो चिंचेने घासला, आणि कापी त्यात ओतून तिला दिली. आयुष्यभर मी जिच्यावर जळले, तिने मला जळायला पुरेसं सरपण स्वतःच्या हाताने आणून दिलं होतं, आणि मला कळूही दिलं नाही. ह्यातसुद्धा तीच वरचढ.

पोर कापी पिऊन म्हणाली, छान झालीय, अगदी आजीसारखी.